डोक्यावर उभी चौकट

ज्योतीरामच्या हातचं स्टूल पिंपरी गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर बसायचं तर डाव्या अंगाला कलून बसावं लागे. सायकलवाला हनीफ गप्पा मारायला रोज त्यावर बसायचा, आणि वर्षभरात तो रस्त्यानं चालतानाही डावीकडं कलायला लागला, असं लोक सांगत. हनीफ नाकबूल करायचा, पण तेसुद्धा कललेल्या मानेनंच. स्टुलाच्या आधी ज्योतीरामनं उंदरांचा पिंजरा केला होता. त्यात उंदरीण गेली, बाळंत झाली, आणि पिलं मोठी होऊन आपापल्या पायांनी बाहेर पडली. जाताना एकानं मागं वळून पिंजऱ्याकडं माहेरासारखं पाहिलं म्हणतात.

ज्योतीराम मूळचा सोलापूरचा, विणकराच्या घरातला. झाड म्हणजे सावली, एवढीच त्याची झाडाशी ओळख. लाकूड त्याला भेटलं ते थेट खोक्याच्या रूपात. पिंपरीच्या माळावर औषधांचा नवा कारखाना उभा राहत होता, आणि परदेशातून येणाऱ्या यंत्रांची खोकी उतरवून घ्यायचं काम त्याच्याकडं होतं. त्या खोक्यांवर काळा बाण छापलेला असायचा. साहेबानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की आत काय आहे ते तुला कळलं नाही तरी चालेल, बाणाचं टोक आभाळाकडं राहिलं पाहिजे. ज्योतीरामला हे फार पटलं. जगातल्या प्रत्येक वस्तूवर असा एक बाण असता तर किती भांडणं वाचली असती, असं तो हनीफला सांगायचा.

तो राहायचा शालनबाईच्या घराला लागून असलेल्या खोलीत. शालनबाई जुन्या गावकऱ्यांपैकी, पाटलांच्या भावकीतली, तोंडानं फटकळ. तिनं ती खोली गुरांसाठी बांधली होती, त्यामुळं दाराच्या जागी नुसतं भगदाड होतं. राहायला आल्यावर ज्योतीरामनं तिथं स्वतःच्या हातानं गोणपाट टांगलं. त्याच्या सगळ्या कामांत तेवढं एक काम सरळ झालं होतं, आणि त्याच कामानं त्याचा घात केला. त्याचं पहिलं पोर पौषातल्या वाऱ्यानं गारठलं. छाती भरली, आणि गेलं. त्याची बायको रंभा त्याबद्दल कधी बोलली नाही. फक्त रोज दिवे लागले की ती उठून गोणपाटाची खालची कड दगडाखाली दाबायची. आत कुणी गारठायला उरलं नव्हतं तरी दाबायची.

दुसऱ्या खेपेला ती बाळंतपणाला चाकणला माहेरी गेली. मुलगी झाली. तिसरा महिना लागला तसा ज्योतीराम आणायला गेला, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की दार लागल्याचं कळवा, मी येते. गोणपाटाच्या घरात हे लेकरू मी आणणार नाही. तिचा बाप दत्तोबा कांद्याच्या वखारीत उभा राहून हे ऐकत होता. जावयाकडं न बघता तो म्हणाला, "सुतार लावा. तुमचं स्टूल मी बघितलंय."

आता सुतार लावला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण ज्योतीरामच्या डोक्यात बसलं होतं, की गोणपाट ज्या हातानं टांगलं त्याच हातानं दार लागलं पाहिजे. हनीफनं त्याला रंधा, करवत, पटाशी आणून दिली. शिवाय एक जुना सागाचा उंबरा आणि वरची पट्टी भंगारातून काढून दिली. दाराची फळी खोक्याच्या देवदारी फळ्यांची झाली. तिच्यावर काळा बाण होताच, तो ज्योतीरामनं अभिमानानं आभाळाकडं ठेवला. राहिले चौकटीचे दोन उभे खांब.

कारखान्याकडं जाणारा रस्ता रुंद करायला वाटेवरची झाडं तोडली होती. त्यांतला एक कडुनिंब ठेकेदारानं विकायला काढला. सरळ, भरदार खोड. ते कुणी घेत का नव्हतं, हा प्रश्न ज्योतीरामला पडला नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की खोडाची साल एका जागी तासून तिथं लाल रंगात बाण काढलेला आहे. त्याला गहिवरून आलं. त्यानं लाकडाच्या वखारीत खोड उभं चिरून घेतलं, बाण एका अर्ध्यावर आला, तर दुसऱ्या अर्ध्यावर त्यानं स्वतः खडूनं तसाच बाण ओढला, की चूक नको. आणि बाणांची टोकं आभाळाकडं करून दोन्ही खांब भिंतीत उभे केले. उंबरा बसला, वरची पट्टी बसली, बिजागऱ्या लागल्या. दार लागत होतं. उघडत होतं. जन्मात पहिल्यांदा त्याची एक वस्तू काटकोनात उभी होती.

हनीफ मान कलती करून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "ज्योतीरामभाऊ, मला तर ही सरळ दिसतेय. म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय."

पहिल्या संध्याकाळी ज्योतीराम कामावरून आला, कडी काढली, उंबरा ओलांडला, आणि त्याला वाटलं आपण घराबाहेर पडलो. पायाखाली सारवलेली जमीन होती, समोर चूल होती, पण अंगाला वाटत होतं की आपण उघड्या रस्त्यावर उभे आहोत आणि कुठूनतरी माणूस यायचं आहे. कोण यायचं आहे ते कळत नव्हतं. तो भाकरी थापायला बसला. पाठ दाराकडं होती. पाठीवर कुणाची तरी नजर टेकली. रागाची नव्हती. एसटीच्या थांब्यावर म्हातारी माणसं प्रत्येक उतरणाऱ्याकडं बघतात ना, हा आपला का, हा आपला का, तशी. त्यानं वळून पाहिलं, तर दार लागलेलं, कडी घातलेली. भाकरी तव्यावर करपली तरी तो चौकटीकडंच बघत होता.

मग हे रोजचं झालं. गल्लीतलं कुत्रं त्याच्या खोलीपुढं यायचं आणि आत तोंड करून भुंकायचं, जशी काही घुसखोरी बाहेरून नाही, आतूनच चालली आहे. खांब दिवे लागायच्या सुमाराला ओले व्हायचे. ओलं लाकूड आहे, पाणी सोडणारच, अशी ज्योतीरामनं मनाची समजूत घातली. पण एकदा त्यानं ते पाणी बोटाला लावून चाखलं. कडुनिंबाचं पाणी कडू असायला हवं. हे खारट होतं.

आणि तरी तो कुणाला काही बोलला नाही. कारण दार लागलं होतं, आणि चाकणला निरोप गेला होता.

शनिवारी चाकणचा बाजार भरला. तो आटपून दत्तोबाची कांद्याची गाडी पुण्याकडं निघाली, आणि तिच्यातूनच रंभा आली. पोर कुंचीत गुंडाळलेलं, झोपलेलं. शालनबाई आपल्या दारातून म्हणाली, की थांब गं, भाकरतुकडा ओवाळून टाकते, मग आत जा. लेकुरवाळी बाई घरी आली की तिच्यावरून आणि लेकरावरून भाकरीचा तुकडा नि पाणी ओवाळून टाकायचं, वाटेत मागं लागलेलं काही असेल ते बाहेरच राहतं. हे काम सासूचं, पण ज्योतीरामला आई नव्हती, म्हणून शेजारणीनं हौसेनं अंगावर घेतलं होतं. तिनं तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, सगळं रस्त्यावर भिरकावलं. रंभानं दाराकडं पाहिलं. वरच्या गणेशपट्टीपासून खालच्या उंबऱ्यापर्यंत सावकाश पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत जे आलं ते बघून ज्योतीरामला वाटलं, आपण आजवर केलेली सगळी वाकडी कामं ह्या एका कामात फिटली.

रंभानं उंबऱ्यावर पाऊल ठेवलं. पोर जागं झालं आणि किंचाळायला लागलं. भुकेचं रडणं नव्हतं ते. रंभाचं दुसरं पाऊल उचललंच नाही.

"आत कोण बसलंय?" तिनं विचारलं.

कुणी नाही, असं ज्योतीराम म्हणाला. पण त्याचा आवाज त्याला स्वतःलाच पुरला नाही.

"कुणीतरी बघतंय माझ्याकडं. लेकराकडं बघतंय." तिनं पाऊल मागं घेतलं, पदर पोरावर ओढला आणि हळू म्हणाली, "तुम्ही दार केलंत. पण ते आतून कुणीतरी धरलंय हो."

ती पुन्हा गाडीत जाऊन बसली. दत्तोबानं बैल मागं वळवले. पुण्याला न्यायचे कांदे गाडीतच राहिले. जाताना तो जावयाला एवढंच म्हणाला, की पुढच्या बाजारापर्यंत वाट बघतो. तोवर तुमच्या घरात काय आहे ते तुम्ही बघा. नाहीतर पोरगी नि नात माझ्याकडं जड नाहीत. गाडी नजरेआड झाली तरी पोराचं रडणं ऐकू येत होतं, आणि मोशीच्या बाजूला कुठंतरी ते एकदम थांबलं.

ज्योतीरामनं उंबऱ्यावर बसकण मारली. शालनबाई रिकामा तांब्या घेऊन आली होती ती जवळ आली. दोन गोष्टी ऐकवायच्या, असा तिचा बेत तोंडावर दिसत होता. पण बोलायच्या आधी तिची नजर चौकटीच्या खाली गेली आणि तांब्या तिच्या हातातून निसटला.

खांबांना पालवी फुटली होती. ओल्या कडुनिंबाला पालवी फुटणं फार नवलाचं नव्हे. पण ही फुटली होती खाली, उंबऱ्याच्या वर वीतभर, आणि तिचे कोवळे लाल शेंडे आभाळाकडं न वळता सरळ जमिनीकडं चालले होते. झाडाला अजून वाटत होतं की आभाळ त्या बाजूलाच आहे.

"मुडद्या," शालनबाई म्हणाली, "झाड डोक्यावर उभं केलंस व्हय रं?"

ज्योतीरामनं बाणाचं सांगितलं. शालनबाईनं कपाळ बडवून घेतलं. रस्त्याची माणसं कुऱ्हाडीची जागा दाखवायला झाडांवर बाण काढत होती, हे अख्ख्या गावानं बघितलं होतं. बाणाचं टोक मुळाकडं. इथून तोडा, म्हणून. खांब उभा करायचा तो झाड जसं वाढलं तसाच, बुडखा खाली नि शेंडा वर, हे गावात जात्यावर बसणाऱ्या बाईलाही ठाऊक. एका ज्योतीरामला नव्हतं, कारण तो बाण बघून चालणारा माणूस.

"आणि लाकूड कोणतं आणलंस, माहीत हाय का तुला? ह्यो गोजाबाईचा लिंब हाय."

मग शालनबाई खाली बसली, आणि फटकळ बाईचा आवाज असा मऊ झाला की ज्योतीरामला त्याचीच जास्त भीती वाटली. गोजाबाई ही गावातली विधवा. तिचा एकुलता एक मुलगा पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईला गेला. जाताना लिंबाखाली उभा राहून तो म्हणाला होता, की आई, भाकरी करून ठेव, येतोच. लढाई संपली. बाकीची पोरं आली, काही तर विलायती बूट घालून आली. हा आला नाही, आणि मेल्याचा कागदही आला नाही. तेव्हापासून गोजाबाई रोज ताजी भाकरी पदरात बांधून लिंबाला पाठ टेकून उभी राहायची. तोंड रस्त्याकडं. येणाऱ्या प्रत्येकाकडं बघायची. शालनबाई नवी सून होऊन वरातीतून आली तेव्हा गावात तिच्याकडं बघणारी पहिली नजर तीच. अशीच उभी राहून राहून एके दिवशी म्हातारी उभ्या उभ्याच गेली. लोकांनी तिला उचललं, पण लिंबाला पाठीचा आकार पडलेला होता तो तसाच राहिला.

"म्हातारी कुणाचं वाईट करणारी न्हाई," शालनबाई म्हणाली. "तिला रस्ता बघायचाय. तू झाड उपडं केलंस, तर तिचं तोंड घरात झालं. आता ती तुझ्या चुलीकडं बघून लेकाची वाट बघती."

ज्योतीरामनं खांबाच्या आतल्या अंगाला हात लावला. लाकडात एक उथळ खळगं होतं, गुळगुळीत. रंधा नीट मारता आला नाही म्हणून ते राहिलं, असं तो इतके दिवस समजत होता.

शालनबाईनं उपायही सांगितला. चौकट काढ, नदीत सोड, पवनामाई नेईल तिला, आणि सुताराकडून दुसरी करून घे. हे शहाणपणाचं होतं. ज्योतीराम रविवारी सकाळी त्याच विचारानं उठला, हनीफला बोलावून आणलं, दोघांनी मिळून चौकट भिंतीतून मोकळी केली, आणि ती अंगणात आडवी पडल्यावर ज्योतीराम तिच्याकडं बघत उभा राहिला. दाराच्या जागी पुन्हा भगदाड झालं होतं. त्यातून वारा आत शिरत होता. त्याला गोणपाट आठवलं, कडेवरचा दगड आठवला, आणि तो दगड दाबणारी रंभा. ज्या घरात गारठायला कुणी उरलं नाही तिथं रोज उठून दगड दाबणारी बाई, आणि जो कधी यायचा नाही त्याच्यासाठी रोज भाकरी बांधणारी बाई. ह्यांतल्या एकीला घरात घ्यायला दुसरीला नदीत सोडायचं, हे त्याच्या हातून होईना.

"उलटी करून लावू," तो म्हणाला.

हनीफ म्हणाला, "भाऊ, उलटीची सुलटी करताय. बायकोला काय सांगाल?"

"काही नाही. ती बघेल."

त्यांनी सागाची पट्टी नि उंबरा काढून खांबांच्या दुसऱ्या टोकांना लावले, खांब फिरवले, बुडखा खाली नि शेंडा वर, दोन्ही बाणांची टोकं आता जमिनीकडं. साहेबानं बघितलं असतं तर कामावरून काढलं असतं. पालवी वर गेली, शेंडे आभाळाकडं झाले, आणि खोलगट जागा रस्त्याच्या अंगाला आली. चौकट आडवी असताना ती हनीफला फार उंच वाटली होती, पण उभी केल्यावर नेमकी एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीएवढ्या उंचीवर बसली. चौकट जराशी डाव्या अंगाला कलली होती. हनीफला ती सरळ दिसली.

एकच उणीव राहिली. दाराची कडी लागेना. बोटभर फट राहायचीच. ज्योतीरामनं रंधा मारला, बिजागऱ्या सैल केल्या, घट्ट केल्या, फट तेवढीच. आठवडाभर झटूनही तो हरला. पण आतली नजर गेली होती. उंबरा ओलांडला की आता घरात आल्यासारखं वाटत होतं, आणि कुत्रं दारापुढं येऊन पाय पसरून झोपत होतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी दुपारपासून ज्योतीराम चुलीपाशी बसून होता. बाहेर उभं राहायचं धाडस होत नव्हतं. फट बघून रंभा काय म्हणेल, ह्याची त्याला धास्ती. ऊन उतरलं. गाडीचा आवाज नाही, बैलांच्या घुंगरांचा नाही. दत्तोबानं पाठवलं नाही, असं त्यानं मनात धरलं. आणि दार आपोआप उघडलं. सावकाश, कुणी आतल्या माणसाला हाक न मारता पाहुण्यासाठी उघडावं तसं, सताड. ज्योतीराम उठून बाहेर आला तर रस्ता मोकळा. त्यानं वाट बघितली. बऱ्याच वेळानं, लांब वळणावर, दत्तोबाच्या बैलांची शिंगं दिसली.

शालनबाईची भाकरी अजून तव्यावर होती. ती आतूनच ओरडत होती, की थांबव रं तिला, तुकडा आणते. ज्योतीराम गाडीकडं धावला. पण बैल बुजले आणि त्यांना आवरायला त्याला दत्तोबाच्या मदतीला थांबावं लागलं. तेवढ्यात रंभा उतरून पुढं गेली होती. त्यानं वळून पाहिलं, तर ती उंबऱ्यापुढं मान खाली घालून उभी होती, पोराला पदरातून जरा वर काढून, जशी बाई ओवाळून घेताना उभी राहते. मग तिनं आधी उजवं पाऊल टाकलं, मग डावं, आणि ती आत गेली. पोर रडलं नाही.

शालनबाई तुकडा नि तांब्या घेऊन लगबगीनं आली. आत गेलीस कशी गं तशीच, म्हणून तिनं तोंड सोडलं. रंभानं आतून सांगितलं, की ओवाळलं की त्यांनी.

"कुणी?"

"दारात उभ्या होत्या ना, त्या आजींनी. तुमच्याकडच्या का कुणी?" रंभा पोराची कुंची सोडत म्हणाली. "मला विचारलं, आणलंस का गं परत? मी म्हटलं, एक गेलं, हे आणलं. त्या म्हणाल्या, बरं केलंस."

शालनबाईनं ज्योतीरामकडं बघितलं. ज्योतीरामनं रस्त्याकडं. धुळीत पाण्याचा ओला फटकारा होता, आणि त्याच्या कडेला भाकरीचा एक तुकडा. त्यानं तो उचलला. खापरासारखा कडक होता, किती वर्षांचा कोण जाणे. शालनबाई म्हणाली, ठेव तो तिथंच, आणि आपल्या हातातला ताजा तुकडाही तिनं शेजारी ठेवला.

दत्तोबा गाडी सोडायच्या आधी दारापाशी येऊन थांबला. जावयाचं काम त्यानं खालपासून वरपर्यंत निरखलं, कललेला खांब बघितला, वरची पालवी बघितली, आणि म्हणाला, की सुतारानं असलं काही केलं नसतं. ही तारीफ होती की काय, ते ज्योतीरामला शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी त्यानं भीत भीत दार लोटलं. कडी एका हातानं लागली. फट नव्हती.

पुढं त्या दाराची तीच रीत झाली. घरातलं माणूस बाहेर असेल तोवर कडी लागायची नाही. ज्योतीरामला जादा पाळी पडली की रंभा दार ओढून बघायची, बोटभर फट दिसली की चुलीवर आधण ठेवायची, आणि दार आपसूक उघडलं की ताट वाढायला घ्यायची. मुलगी मोठी होऊन सासरी गेली, त्या वर्षी तर ते दार महिनाभर रुसून बसलं होतं.

कधी कधी मात्र सगळी माणसं घरात असायची, जेवणं झालेली असायची, आणि तरी कडी लागायची नाही. तेव्हा रंभा उठायची, ताज्या भाकरीचा चतकोर उंबऱ्याबाहेर ठेवायची, आणि दोघं अंथरुणावर पडून त्या फटीकडं बघत राहायची. फट असली तरी वारा कधी तिच्यातून आत आला नाही. पौषातसुद्धा नाही. तिथं पाठ टेकून कुणीतरी उभं असायचं.